लोकरीच्या खोलीतला पाहुणा

लोकरीची गादी शिवायला दोन माणसं लागतात. हे सांगून कुणाला पटत नाही, कारण गादीवर पाठ टेकणाऱ्याला तिच्या पोटात काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण आतली लोकर जागच्या जागी राहायची, तर वरच्या माणसाने हातभर लांबीचा दाभण आरपार खाली सोडायचा. गादी ज्या उंच घडवंचीवर पसरलेली असते, तिच्या फळ्यांमधून खालच्या माणसाने तो ओढून घ्यायचा, दोऱ्यात गोंडा अडकवायचा आणि बोटभर अंतरावरून दाभण पुन्हा वर पाठवायचा. गादीवाली वर उभी असायची आणि तिचा नवरा खाली, बुटक्या स्टुलावर. दिवस दिवस एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. संसारातली निम्मी भांडणं त्या दोघांनी गादीच्या आरपार केली. भांडण फार रंगलं, की नवरा दाभण वर पाठवायचाच नाही. मग ती नाक मुठीत धरून म्हणायची, "बरं, तुमचंच खरं," आणि दाभण मुकाट्याने वर यायचा.

नवरा गेला आणि तिने दुसरं माणूस ठेवलं नाही. आता ती दाभण वरून सोडते, घडवंचीला वळसा घालून जाते, गुडघे कुरकुरत खाली वाकते, गोंडा अडकवते, दाभण वर ढकलते आणि पुन्हा वळसा घालून वर येते. गादी होते. पहिल्यासारखीच होते. फक्त खालून कुणी हुज्जत घालत नाही.

एकटेपणाचा तिने कधी बाऊ केला नाही. तशी ती खमकी बाई, रडगाणं गाणाऱ्यांना दुकानाच्या पायरीवरूनच वाटेला लावणारी. पण एक गोष्ट तिच्याही लक्षात न येता बदलली. ती उभ्याने जेवायला लागली. शेगडीपाशी उभं राहायचं, पातेल्यातूनच चार घास घ्यायचे आणि पातेलं घासून पालथं घालायचं. नवरा असताना कोण कुणासाठी जेवायचं थांबलं यावरून रोज खटके उडायचे. आता थांबणारं कुणी नव्हतं, तर ताट कुणासाठी वाढायचं?

तिची लेक दूरच्या शहरात, उंच इमारतीत राहायची. लेकीचा फोनवर एकच धोशा होता. दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. गादीवाली दर वेळी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायची. या वेळी मात्र लेक हट्टाला पेटली.

"आई, आता बघू-बिघू काही नाही. पडलीबिडलीस तर कळणार कुणाला? तुझ्या सोबतीला घरात कुणी असेल तर राहा खुशाल. नसेल तर मी न्यायला येते."

"आहे की. पिंजायचं यंत्र आहे," गादीवाली म्हणाली. लेक हसली नाही.

त्याच आठवड्यात मेंढपाळ आला. दर हंगामाला कातरलेली लोकर तोच आणून द्यायचा. हिशेबाला सरळ आणि बोलायला कंजूष असा हा म्हातारा. त्याने पोती उतरवली, लोकरीच्या खोलीत रचली आणि टोपी काढून उभा राहिला.

"बाई, ही शेवटची. कळप विकला."

"अख्खा?"

"अख्खा. गुडघे म्हणाले, बास. पोरगा म्हणाला, ये माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावर राहतो तो."

आपल्या गोटातलं आणखी एक माणूस गळाल्यासारखं गादीवालीला वाटलं. तिने त्याच्या टेंपोकडे पाहिलं. टेंपोच्या मागे एक कुत्रा उभा होता. कुत्रा कसला, वासरूच ते. मळकट पांढरं, दाट केसांचं, एक कान फाटलेला, गळ्यात लांडग्याचे दात लागू नयेत म्हणून बाहेर टोकं काढलेला खिळ्यांचा पट्टा. तो कुणाकडेच पाहत नव्हता. त्याची नजर खोलीत गेलेल्या पोत्यांवर होती.

"आणि हा?"

"ज्याने कळप घेतला, त्याच्याकडे दोन जवान कुत्रे आहेत. म्हाताऱ्याला कोण घेतो?" मेंढपाळाने टोपी हातात फिरवली. "बघतो आता काय करायचं ते."

"ठेवा इथे," गादीवाली म्हणाली. जन्मात मांजर न पाळलेली बाई. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घ्यायची तिला लाज वाटली.

मेंढपाळाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग तो एकदम बोलका झाला. "हा घरातला कुत्रा नव्हे, बाई. शेपूट हलवणार नाही, पायात घोटाळणार नाही. लाडाने बोलावलंत तर उठून जाईल. आणि कळप आत गेल्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाही. भुकेने मरायला टेकला तरी नाही. मेंढ्या विकायला काढल्या, की गाडीबरोबर वळणापर्यंत जातो. पण मागे एखादी लंगडी जरी उरली असेल, तरी वळणावरून परत फिरतो. या खेपेला मागे कुणीच उरलं नाही, तेव्हा तिथेच बसून राहिला. उचलून आणावा लागला."

गादीवालीने हे सगळं एका कानाने ऐकलं. तिचं लक्ष कुत्र्याला कोणतं भांडं द्यावं यात होतं. शेवटी तिने नवऱ्याचं सरस कालवायचं जुनं पसरट वाडगं काढलं आणि घासूनपुसून अंगणात ठेवलं.

नाव विचारायचं राहूनच गेलं. मेंढपाळही त्याला नुसतं "म्हातारा" म्हणायचा. ते तिला ऐकवेना, तिची स्वतःची साठी उलटलेली. आल्यागेल्यासारखा अंग चोरून बसतो, म्हणून तिने त्याला "पाहुणा" म्हणायला सुरुवात केली.

पाहुण्यासाठी तिने जीव ओतून गादी केली. छोटी, चौकोनी, काठाला दुहेरी शिवण. पाहुण्याने ती हुंगली आणि तिला ओलांडून लोकरीच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन थंड फरशीवर अंग टाकलं. आयुष्यभर लोकांना मऊ झोपवणाऱ्या बाईचा एवढा उघड अपमान आजवर कुणी केला नव्हता.

पण तो तिच्याकडे बघायचा. उंबऱ्यावर बसायचा आणि ती घडवंचीपाशी काम करत असताना तिच्यावरची नजर हलवायचा नाही. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, ही गोष्टच ती विसरून गेली होती. तिने केस नीट बांधायला सुरुवात केली. आणि एके दिवशी तर कमालच झाली. तिने खोलीतून टोपलीभर लोकर आणली, गादीत भरली, दाभण हातात घेतला, तर पाहुणा उठला, सावकाश चालत आला आणि घडवंचीखाली, बुटक्या स्टुलाच्या जागी बसला.

गादीवालीने दाभण खाली सोडला आणि तशीच उभी राहिली.  मग ती वळसा घालून गेली, वाकली आणि त्याच्या पाठीवरून हात लांब करून दाभण ओढला. "सरक की जरा," ती म्हणाली. तो सरकला नाही. दिवसभर ती त्याच्याशी गादीच्या आरपार बोलत राहिली. लेकीचं, गुडघ्यांचं, वाढलेल्या भाड्याचं.

शेजारच्या किल्लीवाल्याने दारातून हे पाहिलं. तो तिच्या नवऱ्याचा दोस्त, चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. "वहिनी, असा दारवान ठेवलात, तर माझी कुलपं कोण घेणार? आमच्या पोटावर पाय आणलात."

"भाऊजी, तुमच्या कुलपांपेक्षा हा बरा. गंजत नाही," गादीवाली म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला असं पटकन उत्तर सुचलं होतं.

लेकीला तिने ऐटीत सांगून टाकलं, "आता सोबत आहे मला. यायची घाई करू नकोस." आणि त्याच भरात तिने मेंढपाळालाही फोन लावला.

"खातो ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"खातो. पण मी झोपायला गेल्यावर, चोरासारखा. आणि दिवसभर माझ्याकडे तोंड करून बसतो. नजर हलवत नाही."

 पलीकडून मेंढपाळ अवघडून म्हणाला, "बाई, मग अजून रुळला नाही तो. जे आपलं, त्याच्याकडे हा पाठ करतो. आपलं असेल ते पाठीशी घालायचं आणि तोंड करायचं परक्याकडे. नजर ठेवायला." मग बोलणं बदलावं म्हणून तो म्हणाला, "इथे खिडकीतून काय दिसतं म्हणाल, तर समोरची खिडकी."

फोन ठेवून गादीवाली वळली. पाहुणा उंबऱ्यावर होता. पाठ लोकरीच्या पोत्यांकडे, तोंड तिच्याकडे.

तरीही तिने खात्री करून घ्यायची ठरवली. मनातून तिला माहीतच होतं, पण माणूस असं सहज ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोमची गादी घडवंचीवर घेतली. दाभण सोडला, वळसा घातला, वाकली, पुन्हा वर आली. दिवस गेला. पाहुणा उंबऱ्यावरून हलला नाही. मग तिने मुद्दाम मूठभर लोकर आणून घडवंचीवर ठेवली, तर तो लगेच उठला आणि येऊन खाली बसला.

तो त्या मूठभर लोकरीसाठी आला होता. पोत्यांत त्याच्या मेंढ्यांचा वास होता, म्हणजे पोती हाच त्याचा कळप. आणि गादीवाली? रोज येऊन कळपातलं टोपलीभर काहीतरी उचलून नेणारी परकी बाई. तो तिच्यावर डोळा ठेवून होता आणि ही खुळी त्याच्यासाठी केस बांधत होती! तिला हसू आलं. ती मोठ्याने हसली, मग घडवंचीच्या कडेला टेकली आणि कितीतरी दिवसांचं साठलेलं रडली. पाहुण्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पोत्यांचा मत्सर करायची वेळ कुणा बाईवर येऊ नये.

शहाण्या बाईने इथे काय केलं असतं? लेकीला बोलावून घेतलं असतं. गादीवालीने मात्र तिच्या धंद्यातल्या माणसाने कधी करू नये ते केलं. तिने लोकर वापरणं थांबवलं. पोती आहेत तोवर पाहुणा आहे, हा साधा हिशेब होता. माझा नाही तर नाही, पण घरात तर आहे! नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाने लोकरीच्या गाद्या सांगितल्या होत्या. तिथल्या मेट्रनबाई चौकशीला आल्या, तर ती म्हणाली, लोकर अजून दमट आहे. पुढच्या खेपेला म्हणाली, यंत्राचे दात बोथट झालेत. मेट्रनबाई भल्या बाई. "सावकाश करा," म्हणाल्या, "पण आमच्या आजीआजोबांच्या पाठी आता फार सोलल्यात हो." गादीवालीने मान खाली घातली आणि फोमची उशी शिवत राहिली.

पोती हलली नाहीत, उघडली नाहीत. ऊन दाखवलं नाही. आणि एका सकाळी खोलीचं दार उघडल्यावर तोंडासमोरून बारीक पांढुरकी पाखरं उडाली.

लोकरीला कसर लागली होती.

 उभ्या आयुष्यात गादीवालीच्या खोलीत कसर शिरली नव्हती. आपल्याकडची लोकर नातवंडांनाही पुरेल, असं नवरा छाती पुढे काढून सांगायचा. तिने वरचं पोतं उसवलं. आत अळ्यांनी जाळी केली होती आणि हात लावताच लोकरीचा भुगा होत होता. खालच्या पोत्यांपर्यंत कसर अजून पोचली नव्हती. आज पोती काढली तर उरलेली लोकर वाचणार, उद्यावर टाकलं तर सगळीच जाणार.

तिने पाहुण्याकडे पाहिलं. तो उंबऱ्यावर उठून उभा राहिला होता.

"मला नको बघूस," ती म्हणाली. "खाल्ली ती मीच. अळ्यांनी नाही, मी खाल्ली."

मग तिने बाह्या वर केल्या. किल्लीवाल्या भाऊजींना हाक मारली आणि पोती अंगणात ओढून काढली. एकेक पोतं दाराबाहेर जाताना पाहुणा त्याच्याबरोबर यायचा, ते ठेवलं की परत आत जायचा, पुढच्याबरोबर पुन्हा यायचा. गुरगुरला नाही, आडवा आला नाही. खराब झालेली लोकर जाळली, तेव्हा मात्र तो धुराकडे तोंड करून बराच वेळ उभा होता. उरलेली तिने उन्हात वाळवली, झोडपली, पिंजली. आणि गाद्या शिवायला घेतल्या. पाहुणा घडवंचीखाली बसायचा आणि ती त्याच्या अंगावरून हात घालून दाभण ओढायची. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती. परक्याशी काय बोलायचं?

खोली रिकामी होत गेली आणि भिंतीपाशी गाद्यांचा ढीग वाढत गेला. पाहुणा उंबरा सोडून ढिगापाशी बसायला लागला. शेवटच्या गादीचा शेवटचा गोंडा अडकवताना टाका वाकडा गेला, तेव्हा तिने तो उसवून पुन्हा घातला.

वृद्धाश्रमाचा टेंपो दुपार कलल्यावर आला. भाऊजींनी आणि ड्रायव्हरने गाद्या चढवल्या. मेट्रनबाईंनी वरच्या गादीवर हात दाबून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. टेंपो निघाला. पाहुणा त्याच्या मागच्या चाकाशेजारी चालायला लागला. पळत नव्हता, भुंकत नव्हता. आयुष्यभर केलेलं काम करत होता.

"वहिनी, हाक मारा की!" भाऊजी ओरडले.

"काय म्हणून मारू?" गादीवाली म्हणाली. "पाहुणा होता. चालला."

टेंपो कोपऱ्यावर वळला. त्याच्यामागे ते मळकट पांढरं ढुंगणही वळलं आणि दिसेनासं झालं. भाऊजींना चेष्टा सुचली नाही. ते आपल्या दुकानात गेले.

तिने लोकरीची खोली झाडून काढली. फरशी पुसली. मग लेकीला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "ये न्यायला. दुकानाचं बघते मी." लेक आनंदाने काहीतरी विचारत होती. गादीवालीने "मग बोलू" म्हणून फोन ठेवला आणि अंगणातल्या पायरीवर येऊन बसली. समोर सकाळी भरून ठेवलेलं वाडगं तसंच होतं. ते उचलून घासून ठेवायला हवं होतं. तिच्याने उठवेना. दिवे लागायची वेळ झाली, रस्त्यावरून कामावरची माणसं घरी जायला लागली. घराघरांतून भांड्यांचे आवाज यायला लागले. आपण या गल्लीत आता कुणाचंच काही लागत नाही, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिने बाजूला सारलं नाही.

फाटक ढकलल्याचा आवाज झाला.

पाहुणा आत आला. दमला होता, मागचा एक पाय ओढत होता. तिच्याकडे न बघता तो थेट लोकरीच्या खोलीत गेला. पुसलेल्या फरशीवर त्याची नखं वाजत राहिली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मग बराच वेळ काही आवाज नाही. गादीवालीने मनाची तयारी केली. आता बाहेर येईल आणि पुन्हा जाईल.

तो बाहेर आला आणि तिच्यासमोर येऊन थांबला. त्याने तिच्या एप्रनला नाक लावलं. मग हातांना. वर्षानुवर्षं लोकर हाताळून तिच्या तळव्यांत मेंढीचा तेलकट वास मुरलेला होता. तो साबणाने जायचा नाही, नवरा त्यावरून तिला चिडवायचा. पाहुण्याने दोन्ही तळवे शांतपणे हुंगले. तिच्याभोवती एक चक्कर घातली. आणि मग फाटकाकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून खाली बसला. त्याची पाठ तिच्या नडग्यांना टेकली होती.

मागे एखादी लंगडी जरी उरली असेल, मेंढपाळ म्हणाला होता, तरी वळणावरून परत फिरतो.

"लंगडी तर लंगडी," गादीवाली पुटपुटली. तिने त्याला हात लावला नाही. तिला हलायचीच भीती वाटत होती. वाडगं त्याच्या पुढ्यात होतं. तिने ते पायाने हळूच सरकवलं. "खा की रे. सकाळपासून उपाशी आहेस."

तो वाडग्याकडे पाहीना. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या उघड्या दाराकडे, आणि पुन्हा फाटकाकडे तोंड केलं. तिला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं.

फोन वाजला. लेक होती, उत्साहाने फुलून आलेली. "आई, शनिवारी येतेय गं न्यायला. सामान काय काय घेणार आहेस?"

"न्यायला येऊ नकोस," गादीवाली म्हणाली. "भेटायला ये. आणि आता ठेव, मला आत जाऊ दे."

"का? कोण आलंय?"

"कुणी नाही गं. मी आत गेल्याशिवाय तो जेवणार नाही. खोळंबलाय केव्हाचा."

ती गुडघ्यावर हात देत उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. दाराला कान लावून उभी राहिली. थोड्या वेळाने बाहेर फरशीवर वाडगं सरकल्याचा आवाज आला, मग खाण्याचा. तिने फडताळातून ताट काढलं, त्यावरची धूळ पुसली, वाढून घेतलं आणि खाली बसून जेवली.